वाचकांचे प्रश्न : मोह शिरतो कुठून आणि अडवायचा कुठे?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत ‘आत्मिक युद्ध’, म्हणजे सैतान आणि मोह यांच्याशी विश्वासणाऱ्याचा झगडा, हा शब्द इतक्या निरनिराळ्या अर्थांनी आला आहे, की या वेळी त्याच विषयाची पाच पत्रे एकत्र घ्यावीत असे ठरवले. कोणाला मोबाईलवरचा जुगार म्हणजे आत्मिक युद्ध वाटते, तर कोणाला भावकीतल्या काकूंची नजर. पत्रलेखकांची नावे व ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत आणि जागेसाठी मजकूर आखडता घेतला आहे.

प्रश्न : सप्रेम सलाम. मी भुसावळला राहतो आणि रेल्वेत गाडीवर नोकरी करतो. परगावच्या रनिंग रूममध्ये विश्रांतीला थांबावे लागते, तेथे मोबाईलवर पैसे लावून रमी खेळण्याचा नाद लागला. सरकारने बंदी आणली तेव्हा सुटलो असे वाटले. पण कोणीतरी एका ग्रुपमध्ये घेतले आणि आता क्रिकेटवर पैसे लावतो. दोन फायनान्सचे कर्ज झाले आहे. पत्नीला काहीच माहीत नाही. दर रविवारी रडून प्रार्थना करतो, येशूच्या नावाने सैतानाला धमकावतो, उपासही केले. पंधरा दिवस बरे जातात, मग पगार होतो आणि पुन्हा तेच. हे सैतान करतो की मीच करतो?

उत्तर : प्रिय बंधू, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पुढची लढाई कोठे लढायची हे त्याच्या उत्तरावर ठरणार आहे. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मोहाची जी वंशावळ दिली आहे ती नीट वाचा. प्रत्येक माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलवला जातो, मग वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला जन्म देते, असे तो सांगतो. या वाक्यात सैतानाचे नाव कोठेही नाही. ‘भुलवला जातो’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो गळाला आमिष लावण्याचा आहे. तापीच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या कोणालाही विचारा. कोणता मासा कणकेच्या गोळीला येतो आणि कोणता गांडुळाला, हे त्याला पाठ असते, आणि माशाला मुळात ज्याची भूक नाही ते तो गळाला कधी लावत नाही. आमिष लावणारा आहे, हे खरे. तोंड आपले आहे, हेही तितकेच खरे. तोच याकोब चौथ्या अध्यायात ‘सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल’ असे सांगतो. पण त्या वचनाचा पहिला अर्धा भाग ‘देवाच्या अधीन व्हा’ असा आहे, आणि आपल्या प्रार्थनासभांत तो भाग हलक्या आवाजात व दुसरा भाग टाळ्यांच्या गजरात म्हटला जातो, असे माझे कित्येक वर्षांचे निरीक्षण आहे.

आता तुमचेच पत्र तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही घरी असताना खेळत नाही. घरून निघताना पत्नीशी खटका उडालेला असेल तर त्या रात्री हमखास खेळता. गाडीवरून उतरून, जेवून पलंगावर पडल्यावर झोप न आल्याने मोबाईल हातात घेता, आणि तो पगारानंतरचा आठवडा असतो. हे सगळे तुम्हीच लिहिले आहे, फक्त वेगवेगळ्या पानांवर लिहिले आहे. म्हणजे तुमच्या मोहाला वेळापत्रक आहे, आणि वेळापत्रकाशी आयुष्यभर बांधलेल्या माणसाला ते दिसू नये याचे मला नवल वाटले. तुमची प्रार्थना रविवारी सकाळी होते आणि हल्ला रात्री दीड वाजता होतो. पहारा भलत्याच दारावर उभा आहे.

दावीद राजाचे पतन आपण बथशेबा या परस्त्रीपासून सांगतो, पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला अकरावा अध्याय त्याच्याही आधीपासून सुरू होतो. राजे लढाईवर जातात त्या दिवसांत दावीदाने आपला सेनापती यवाब याला पाठवले आणि आपण यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून तो गच्चीवर फिरत होता. त्या बाईवर नजर पडण्याआधीच, हाताला काम नसलेली ती संध्याकाळ तेथे येऊन बसली होती. गच्चीवर दृष्टी आवरण्यापेक्षा छावणीत असणे त्याला किती तरी सोपे गेले असते! मोहाशी झगडताना आपण नेहमी शेवटच्या पायरीवर सगळा जोर लावतो आणि तेथे हरलो की देवाने मदत केली नाही असे म्हणतो.

प्रभू येशूची रानात सैतानाकडून परीक्षा झाली तेव्हा तो ४० दिवसांचा उपाशी होता, आणि पहिला घाव भाकरीवरच आला. त्याने दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. ती उत्तरे त्याने रानात शोधून काढली नाहीत. लहानपणापासून मुखोद्गत होती, ती त्या घटकेला ओठांवर आली. हव्वेने सापाशी चर्चा केली. प्रभूने वचन उच्चारले आणि विषय तेथेच संपवला. दुसरी एक गोष्ट लूकच्या चौथ्या अध्यायात आहे, जिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते : सगळी परीक्षा संपवून सैतान ‘संधी मिळेपर्यंत’ त्याला सोडून गेला. कायमचा गेला नाही. पंधरा चांगले दिवस गेल्यावर सोळाव्या दिवशी तुम्ही पडता तेव्हा ‘मी सुटलोच नव्हतो’ असे तुम्हाला वाटते. खरे पाहता तुम्ही सुटला होता आणि पहारा उठवून मोकळे झाला होता.

आपल्या उपदेशांत एक आवडते वाक्य आहे, की प्रेषित पौलाने सांगितलेल्या देवाच्या शस्त्रसामग्रीत पाठीसाठी काहीच नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने पाठ दाखवायची नसते. ऐकायला ते छान लागते. पण पोटीफराची बायको भुलवू लागली तेव्हा योसेफ आपले वस्त्र तिच्या हाती टाकून घरातून पळाला आणि पाठ दाखवूनच वाचला, आणि पौलाने तीमथ्याला तरुणपणाच्या वासनांपासून दूर पळण्यास सांगितले आहे. काही मोहांपुढे उभे राहून झुंजायचेच नसते. तुमच्या बाबतीत पळणे म्हणजे काय, ते स्पष्ट लिहितो : परगावी जाताना साधा बटनांचा फोन न्या आणि स्मार्टफोन घरी ठेवा. पगाराचे खाते पत्नीच्या नजरेखाली असू द्या आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा बँकेत सांगून अगदी खाली आणून ठेवा. ज्याने तुम्हाला त्या ग्रुपमध्ये घेतले त्याचा नंबर आजच काढून टाका. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, हे चांगलेच झाले. पण कायदा बाहेरचे दार लावतो, आतली कडी आपल्याला लावावी लागते. आणि यात कमीपणा मानू नका, जुगाराचे व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते आणि तेथे नाव सांगण्याची सक्ती नसते.

राहिली गोष्ट पत्नीची. तुम्ही देवापुढे रडता, पण ज्या एका माणसापुढे रडायला हवे तेथे हसतमुख राहता. ‘आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा’ हे याकोबाचेच वचन आहे. चर्चच्या लहान मंडळीत सगळेच एकमेकांचे सोयरे असतात आणि सकाळची कबुली संध्याकाळपर्यंत यावलच्या मावसबहिणीपर्यंत पोहोचते, म्हणून साक्षीच्या वेळी उभे राहून सांगा असे मी म्हणणार नाही. तोंडाचा पक्का असा एक वडीलधारा माणूस निवडा आणि दर परगावच्या मुक्कामी त्याला एक फोन करा, तेवढे पुरे. पत्नीला मात्र सगळे सांगा, दोन्ही कर्जांचे आकडे एका कागदावर लिहून सांगा. अर्धी कबुली देऊ नका, कारण उरलेले अर्धे महिन्याभराने बाहेर आले की पहिल्या अर्ध्यावरचाही विश्वास जातो. अजून एक सुचवतो, थोडे विचित्र वाटेल. प्रार्थनेतली आपली भाषा पुस्तकी असते, ‘हे स्वर्गीय पित्या, मी पतित झालो’ अशी. त्या भाषेत पापही धुतल्या कपड्यांत उभे राहते. तुम्ही घरात अहिराणी बोलता असे पत्राच्या वळणावरून दिसते. तर तिला अहिराणीतच सांगा. ‘मन्ही चूक शे’ एवढे तीन शब्द तोंडातून निघायला जितका वेळ लागेल, तितके ते ओझे जड आहे असे समजा.

आणि पुन्हा पडलात तर? आपला शिष्य पेत्र याला प्रभूने आधीच सांगितले होते, की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र त्या रात्री पडला, तीनदा पडला. तरी प्रभूच्या त्याच बोलण्यात ‘तू वळलास म्हणजे’ हे शब्द आधीच होते. चाळणीत गहू खालीवर होतो, पण गहूच राहतो.

प्रश्न : ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ अशी प्रार्थना आपण रोज करतो. म्हणजे देवच आपल्याला मोहात टाकतो काय? – एक शिक्षिका, धुळे

उत्तर : बाई, याकोब पहिल्या अध्यायातच सांगतो की देव कोणालाही मोहात पाडत नाही. घोटाळा शब्दाचा आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘पेइरास्मोस’ हा एकच शब्द पारख करण्यालाही लागतो आणि भुलवण्यालाही. मराठीत आपल्याकडे ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ असे दोन आहेत, आणि भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी त्यांतला एक निवडावा लागतो. आपण शिक्षिका आहात, म्हणून हे आपल्याला लवकर पटेल : एकच प्रश्नपत्रिका शिक्षकाच्या हातून मुलाचे ज्ञान बाहेर काढण्यासाठी येते, आणि वर्गातल्या खोडकर मुलाला ती शेजाऱ्याला कॉपी करायला लावण्याची संधी वाटते. प्रार्थनेत आपण देवाला ‘माझी पारख करू नको’ असे म्हणत नाही. ‘माझा जीव किती आहे हे तुला ठाऊक आहे, मला एकट्याला तेथे सोडू नको’ असे म्हणतो. त्याच वाक्याचा पुढचा भाग ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ हा आहे, आणि तो जोडून वाचला की शंका बरीचशी मिटते.

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यात कापूस पिकवतो. विकायच्या आदल्या रात्री माझे दीर कापसाच्या ढिगावर पाणी मारतात, म्हणजे वजन वाढते. मी विरोध केला तर म्हणतात, सगळे मारतात, व्यापारीही ते धरूनच भाव कमी देतो. आपण कोरडा नेला तर आपलाच तोटा. पाळकसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आत्मिक नाही. आपले मत काय?

उत्तर : ताई, तुमच्या पाळकांचा मान राखून मी असहमत आहे, आणि याला कारण माझे स्वतःचे बालपण आहे. मी पारोळ्याकडचा, कापसाच्या घरातला. नऊ-दहा वर्षांचा असेन. रात्री वडिलांनी मला उठवले आणि ओसरीवर कंदील धरून उभे केले. समोर कापसाचा ढीग होता. वडिलांच्या हातात झाडांना पाणी घालायची झारी होती आणि ते एक थर कापूस हाताने पसरवून त्यावर झारी फिरवत, मग त्यावर दुसरा थर ओढत. कोणी काही बोलत नव्हते. कंदिलाच्या उजेडात पाण्याचे थेंब कापसावर क्षणभर मोत्यासारखे उभे राहत आणि मग आत जिरत, ते मी पाहत राहिलो. झोपण्यापूर्वी वडिलांनी नेहमीप्रमाणे कौटुंबिक प्रार्थना घेतली होती. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने कोपरापर्यंत हात ढिगात घातला, बोटे चोळून पाहिली, वडिलांकडे पाहून नुसता हसला आणि भाव पाडला. वडिलांना त्याच्याशी भांडता आले नाही. त्यांच्या मानेवरचा तो लालपणा मला अजून दिसतो.

व्यापारी लबाड होता, यात शंका नाही. त्याचा काटा आम्ही कधी तपासला असता तर तोही खोटा निघाला असता, असा माझा आजही दाट संशय आहे. पण त्या दिवशी वडिलांना त्याच्या लबाडीविरुद्ध तोंड उघडता आले नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या कंबरेला पट्टा नव्हता. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने शस्त्रसामग्री सांगताना तलवारीपासून सुरुवात केलेली नाही. ‘सत्याने आपली कंबर बांधा’ हे पहिले आहे. रोमी शिपायाचा अंगरखा पट्ट्याने आवळलेला नसला तर पायांत येई, आणि मग हातातली ढाल-तलवार असून नसल्यासारखी होई. पौल हे पत्र लिहिताना कैदेत होता, स्वतःला ‘साखळदंडांतला वकील’ म्हणवतो. शिपायाचा वेश त्याने काही लांबून पाहिलेला नव्हता. शेतातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको, कास्टा मारल्याशिवाय कोणी वखर धरत नाही. तेव्हा ओला कापूस हा आत्मिक युद्धाचा प्रश्न आहे काय, याचे उत्तर मी असे देईन, की युद्ध तेथूनच सुरू होते.

आता हिशेबाचे बोलू, कारण दिरांचे म्हणणे निव्वळ वाईट बुद्धीचे नाही. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला आणि दहा क्विंटलवर दहा किलो पाणी चढवले, तर हाती येतात ७०० रुपये. सोसायटीचे कर्ज असलेल्या घरात ७०० रुपयांना तुच्छ म्हणण्याइतका मी श्रीमंत नाही. पण दुसरी बाजूही मांडा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा यंत्राने मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, आणि त्याच्या वर माल घेतच नाहीत. भिजवलेला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, सरकी खराब होते. म्हणजे ज्या दारात खरे माप मिळण्याची शक्यता आहे ते दार पाणी मारून आपणच बंद करतो आणि खेडा खरेदीवाल्याच्या तावडीत आपल्या पायांनी जातो. मोहाचे हे नेहमीचेच आहे : तो हातावर रोख ठेवतो आणि मागून उधारीत वसूल करतो. दिरांशी वचनांवरून वाद घालू नका. ते त्या वेळी तुमच्यापेक्षा जास्त वचने सांगतील. घरातल्या कापसाचा तुमच्या वाट्याचा ढीग वेगळा ठेवायला सांगा, तो कोरडा केंद्रावर न्या, आणि पावती आणून चुलीवरच्या फळीवर ठेवा. यंदा कदाचित तोटाही होईल. तो होईल तेव्हा मला शिव्या द्या, पण तो तोटाच होता की किंमत होती, हे घरातली मुले पुढे ठरवतील.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेल्यावर झोका खेळणे विश्वासणाऱ्या बाईला चालते काय? – अमळनेर

उत्तर : भगिनी, झोका म्हणजे दोर आणि फळी. खुशाल खेळा आणि सासरी परत येताना शेवयांचा डबाही आणा. पूजेच्या वेळी आपण बाजूला बसलो तर माहेरची माणसे समजून घेतात, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे. मला काळजी झोक्याची नाही; त्याच दिवशी गावात झाडाखाली, पारावर जे पत्त्यांचे डाव बसतात आणि ‘आखाजीला खेळले तर चालते’ म्हणून ज्यांत आपली मंडळीतली तरुण मुलेही बसतात, त्यांची आहे. वरच्या पहिल्या पत्रातल्या बंधूंनीही आपला पहिला डाव आखाजीलाच खेळल्याचे लिहिले आहे.

प्रश्न : आम्ही नवापूरकडचे, आठ वर्षांपूर्वी विश्वासात आलो. आमच्या अकरा वर्षांच्या मुलीचे हातपाय मधूनमधून इतके दुखतात की ती रात्रभर रडते, डोळे पिवळे होतात, अंगात रक्त राहत नाही. मंडळीतले काही जण म्हणतात, आजोबा भगत होते, त्यांचे आत्मे सोडत नाहीत. उपास करा, औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे. भावकीतले म्हणतात, शेजारची चुलती डाकीण आहे, तिचीच नजर आहे. आम्ही कोणाशी लढायचे?

उत्तर : प्रिय बंधू, या अंकातले मला सर्वांत तातडीचे वाटलेले पत्र तुमचे आहे, म्हणून छापण्यापूर्वीच तुम्हाला फोन केला. इतरांसाठी येथे लिहितो.

मी डॉक्टर नाही, पण नंदुरबार जिल्ह्यात राहून सांध्यांचे असे दुखणे, कावीळ आणि रक्त कमी होणे या तीन गोष्टी एकत्र ऐकल्यावर सिकलसेलची तपासणी करा असे कोणीही जाणता माणूस सांगेल. हा आजार रक्तातल्या तांबड्या पेशींचा आहे. त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. तो आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहक माणसाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, म्हणून घरात कोणाला पत्ताही नसतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि सरकारी दवाखान्यांत तपासणी मोफत होते. औषधांनी दुखण्याच्या फेऱ्या कमी होतात. ती औषधे उपासासाठी बंद करणे, भरपूर पाणी प्यायला हवे अशा मुलीला कोरडा उपास घडवणे, याला मी विश्वास म्हणणार नाही. ते लेकराला धोक्यात घालणे आहे.

आजोबांबद्दल. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांधाला पाहून हाच प्रश्न विचारला होता : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नावे खोडली. मुलीला आजोबांकडून काही आले असेल तर ते रक्तातले आले आहे, आणि ते देण्यात त्यांचा काही दोष नव्हता. मत्तयाने चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या माणसांची यादी दिली आहे, तीत भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षाघाती वेगळे सांगितले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी शुभवर्तमान लिहिणाऱ्याला जो फरक दिसत होता तो आपल्या उपासवाल्या बंधूंना दिसू नये, याचे वाईट वाटते. पौलाच्या शेवटच्या दिवसांपर्यंत ‘प्रिय वैद्य लूक’ त्याच्यासोबत होता; पौलाने त्याला औषधांची पिशवी टाकून ये असे सांगितल्याचे कोठे वाचनात नाही. प्रार्थना जरूर करा, तेल लावून करा, वडील मंडळींना घरी बोलावून करा, आणि गोळी दिल्यानंतर करा.

आता चुलतीचे, आणि या ठिकाणी मी मुद्दाम कडक लिहितो. ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे’ हे वचन आपण आत्मिक युद्धाच्या प्रत्येक शिबिरात म्हणतो, आणि बहुधा ते अदृश्य शक्तींचे वर्णन सुरू करण्यासाठी म्हणतो. पण त्याचा पहिला आणि सरळ अर्थ असा आहे, की जिला हाड आणि मांस आहे, जी सकाळी नळावर हंडा भरायला येते, ती आपली शत्रू असूच शकत नाही. ज्या क्षणी आपण तिच्याकडे बोट दाखवले त्या क्षणी लढाई हरलो, कारण शत्रूला नेमके हेच हवे होते : मुलीचे दुखणे तसेच राहावे आणि एका घरावर दुसरे घर चालून जावे. सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बाईचे पुढे काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. बहुधा ती विधवा असते, एकटी असते आणि तिच्या नावावर थोडी जमीन असते. कोणाला डाकीण ठरवून छळणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याची भीती मी शेवटी सांगतो, पण भावकीतल्यांना ती आधी सांगा; काहींना तीच भाषा कळते.

तुमच्या फोनवरून कळले की तपासणीसाठी रक्त दिले आहे. अहवाल येईपर्यंत घरात बोलणी होतच राहतील. दरम्यान एक करा. त्या चुलतींच्या घरी कोणी पाणीही पीत नाही, असे तुम्ही म्हणालात. येत्या रविवारी उपासनेहून परतताना, सगळ्या गल्लीच्या देखत, मुलीचा हात धरून त्यांच्या ओट्यावर जा आणि त्यांच्या हातचा चहा मागून प्या.